शहरात रुजताना : नवागत तरुणांचे पहिले सहा महिने

शिक्षणासाठी अथवा उपजीविकेसाठी गाव सोडून शहराची वाट धरणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. १९६१ च्या जनगणनेच्या वेळी राज्यातील शंभर माणसांपैकी सुमारे अठ्ठावीस माणसे नागरी भागात राहत होती. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ४५.२ टक्क्यांवर पोहोचले. राज्याच्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी ५ कोटी ८ लाख लोक नागरी भागात राहत असल्याचे त्या वेळी दिसून आले. या वाढीला इतरही कारणे आहेत. तथापि दरवर्षी निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या प्रसिद्ध झाल्या की, ट्रंकेऐवजी आता पाठीवरची पिशवी घेऊन जे तरुण-तरुणी पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक अशा शहरांच्या स्थानकांवर उतरतात, त्यांचा या वाढीत मोठा वाटा आहे.

भाताचे रोप वाफ्यातून उपटून खाचरात लावल्यावर काही दिवस पिवळे पडते, हे कोकणातल्या आणि मावळातल्या शेतकऱ्याला ठाऊक असते. तेवढे दिवस तो खाचरातील पाण्यावर अधिक लक्ष ठेवतो. नव्या शहरात आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाचीही पहिल्या काही महिन्यांत अशीच अवस्था होते. बुद्धी असूनही शिक्षण अर्धवट टाकून परतणारे, अनामत रक्कम गमावून बसणारे, आजारपणात खोलीत एकटे पडून राहणारे, किंवा घरी ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत मनाने खचत जाणारे तरुण बहुधा याच काळात वाट चुकतात. या काळात त्यांना कशाची गरज असते, त्यासाठी कोणत्या सोयी उपलब्ध आहेत आणि शाळा व ग्रामपंचायत यांना त्यांच्यासाठी काय करता येईल, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

गावकीची खोली आणि लावलेले वार

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची योजना हाती घेतली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. त्यानंतरच्या काळात रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतून हजारो तरुण परळ, लालबाग, भायखळा, वरळी या गिरणगावच्या वस्त्यांत आले. त्यांच्या राहण्याची सोय शासनाने किंवा गिरणीमालकांनी फारच थोड्या प्रमाणात केली. बहुतेकांची सोय त्यांच्या गावाने केली, असे म्हणावयास हरकत नाही. एका गावच्या मंडळींनी चाळीत एखादी खोली सामाईक भाड्याने घ्यावी, प्रत्येकाने आपली ट्रंक व वळकटी तेथे ठेवावी, एकजण पाळीवर गेला की दुसऱ्याने त्याच जागेवर पाठ टेकावी, अशी ही ‘गावकीच्या खोली’ची रीत होती. जेवणासाठी महिनेवारीची खानावळ असे. ती चालविणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया गिरणगावातल्याच होत्या. अशा स्त्रियांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने केले.

पुण्याची रीत निराळी होती. तेथे शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत असे. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटलेले असत. कोणी माधुकरी मागून दिवस काढी.

या दोन्ही पद्धतींत हालअपेष्टा होत्या, परंतु त्यांत एक मोलाचा विशेषही होता. गावकीच्या खोलीतला मुलगा तापाने फणफणला तर त्याची बातमी पुढच्या गाडीने गावी पोहोचे. वार लावलेला विद्यार्थी गुरुवारी जेवावयास आला नाही, तर गुरुवारच्या घरची बाई त्याची चौकशी करी. अन्न आणि निवारा यांच्याबरोबरच आपली चौकशी करणारे माणूस त्या व्यवस्थेत आपोआप मिळत असे.

तिच्यातील उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. गावकीची खोली ज्याच्या गावाचे बिऱ्हाड मुंबईत होते त्याच्यापुरती होती. वार लावून जेवण्याची सोय जातीच्या मर्यादेत राहिली. दलित विद्यार्थ्यांना या व्यवस्थेत जागा नव्हती आणि मुलींचा तर तीत विचारच नव्हता.

वसतिगृहांची परंपरा

ही उणीव भरून काढण्याचा संघटित प्रयत्न म्हणजे महाराष्ट्रातील वसतिगृहांची चळवळ होय. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला आश्रय दिला आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी तेथे वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. तेथे मुले एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह काढले. पुण्यात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेल्या आणि पुढे हिंगण्यास गेलेल्या आश्रमाने निराधार व विधवा स्त्रियांना शिक्षणाबरोबर निवारा दिला. पुण्यातच १९५५ साली डॉ. अच्युत शंकर आपटे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाचे काम आजही करीत आहे.

या सर्व संस्थांनी निवाऱ्याला शिस्त, श्रम आणि सहजीवनाची जोड दिली. ‘कमवा व शिका’ ही आज विद्यापीठांत व महाविद्यालयांत रूढ असलेली योजनाही कर्मवीरांच्याच विचारातून आली आहे.

बदललेली परिस्थिती

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आणि गावकीच्या खोल्यांपैकी बहुतेक काळाच्या ओघात गेल्या. पुण्यात वार लावण्याची प्रथा तर केव्हाच संपली. शासकीय व संस्थांच्या वसतिगृहांतील जागा मागणीच्या मानाने अपुऱ्या पडतात. त्यामुळे आज परभणी, बुलढाणा किंवा नंदुरबार जिल्ह्यातून पुण्यात येणारा मुलगा बहुधा ‘कॉट बेसिस’वर राहतो. एका खोलीत तीन-चार खाटा, दर खाटेचे स्वतंत्र भाडे, जेवणासाठी मेस किंवा डबा आणि अभ्यासासाठी पैसे भरून घेतलेली अभ्यासिकेतील खुर्ची, असे त्याच्या संसाराचे स्वरूप असते. शेजारच्या खाटेवरील मुलगा कोणत्या तालुक्यातला आहे हे कळण्यापूर्वीच तो खोली सोडून गेलेला असतो.

म्हणजे पूर्वी जे आपोआप मिळत होते ते आता योजून मिळवावे लागते.

निवारा आणि करारनामा

शहरात आल्यावर पहिली फसवणूक होण्याचा संभव जागेच्या व्यवहारात असतो. मोबाईलवर छायाचित्रे पाहून, प्रत्यक्ष खोली न पाहता अनामत रक्कम पाठविणारे तरुण अनेकदा ती रक्कम गमावतात. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व मालकाशी समक्ष बोलल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हा नियम प्रत्येक पालकाने मुलाच्या मनावर बिंबवावा. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

जागा भाड्याने घेण्याबाबत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ५५ नुसार अनुज्ञप्तीचा, म्हणजेच व्यवहारात ज्याला ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणतात तो, करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा सार्वत्रिक समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी कायद्याने जागामालकावर टाकली आहे व ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर कराराच्या अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, त्याविरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही नोंदणी आता ऑनलाइनही करता येते. दुसऱ्या बाजूने, मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई वसूल करण्याचा अधिकार कायद्याने मालकाला दिला आहे, हेही तरुणांनी लक्षात ठेवावे.

खाटेपुरत्या जागेचा व्यवहार पुष्कळदा तोंडी होतो. अशा वेळी निदान अनामत रकमेची पावती, ती परत मिळण्याची मुदत आणि जागा सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सूचना द्यावयाची, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. पैसे रोखीने न देता बँकेमार्फत दिल्यास त्याचा पुरावाही आपोआप राहतो.

खर्चाचा मेळ

पहिल्या महिन्याचा खर्च हा पुढील कोणत्याही महिन्याच्या कित्येक पट असतो, याची कल्पना बहुतेक कुटुंबांना नसते. अनामत, आगाऊ भाडे, मध्यस्थाची दलाली, मेसचे आगाऊ पैसे, गादी, बादली, पुस्तके, प्रवासाचा पास हे सारे एकाच पंधरवड्यात अंगावर येते. त्यासाठी घरच्यांनी सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याकडे हात पसरला, तर मुलाच्या मनावर त्या कर्जाचा भार पहिल्या दिवसापासून राहतो. मेस लावतानाही गावी गेल्यावर झालेले खाडे वजा होतात किंवा नाही, हे आधी विचारून घेणे शहाणपणाचे असते.

या खर्चासाठी शासनाच्या योजनांचा आधार घेता येतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. तिच्या मूळ निर्णयात मुंबई, पुणे यांसारख्या मोठ्या शहरांत राहणाऱ्या विद्यार्थ्याला भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये देण्याची तरतूद होती. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. या योजनांच्या पात्रतेच्या अटी व रकमा वेळोवेळी बदलतात; म्हणून अर्ज करण्यापूर्वी संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडून चालू वर्षाची माहिती घ्यावी. योजनेचा हप्ता अर्ज मंजूर झाल्यानंतर आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतो. साहजिकच तो हाती पडेपर्यंत काही महिने जातात आणि खर्चाचा भार तर पहिल्याच महिन्यात असतो. या मधल्या काळाची बेगमी घरातून निघण्यापूर्वी करून ठेवणे आवश्यक होय.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

शहरात पोहोचल्यावर ज्या दाखल्यांची निकड भासते, ते बहुधा गावच्या तहसीलमधूनच मिळावयाचे असतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र यांपैकी एखादे कमी पडले म्हणून ऐन परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आठवड्यात पाचशे किलोमीटरचा प्रवास करावा लागलेले विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात आढळतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे. त्यासाठी अर्ज वेळेवर, म्हणजे निकालाची वाट न पाहता, एप्रिल-मे महिन्यांतच करणे इष्ट.

मतदार यादीतील नावाचाही येथेच विचार करावा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्याने प्रथम नोंदणीसाठी नमुना ६ आणि स्थलांतर झाल्यास नमुना ८ भरावयाचा असतो. २०२२ पासून नोंदणीसाठी वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक मानले जातात. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आपले नाव गावी ठेवता येते किंवा राहत्या शहरात नोंदविता येते, परंतु एकाच वेळी दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही. शहरातील मतदार यादीत नाव नोंदविणारा तरुण तेथील पाणी, बस व रस्ते यांच्या प्रश्नांकडे पाहुण्याच्या नजरेने पाहत नाही, हा त्यातील अधिकचा लाभ होय.

शहर ओळखणे

शहराची भाषा मराठीच असली तरी तिची खूण वेगळी असते. पुण्यात पत्ता पेठेवरून व चौकावरून सांगितला जातो. मुंबईत तो स्टेशनावरून आणि पूर्व-पश्चिमेवरून. पहिल्या आठवड्यात हातातील यंत्राच्या नकाशावर सर्वस्वी न विसंबता बसने व पायी हिंडून आपल्या वस्तीपासूनचा सरकारी दवाखाना, पोलीस चौकी, बँक, ग्रंथालय आणि बसथांबा पाहून ठेवावा. तालुक्याच्या गावी माणूस जे नकळत शिकलेला असतो, ते येथे मुद्दाम शिकावे लागते.

याहून कठीण असतो तो बोलीचा प्रश्न. मराठवाड्याची, वऱ्हाडाची किंवा खानदेशाची बोली ऐकून वर्गात कोणी हसले, की तो मुलगा प्रश्न विचारणे सोडतो. आणि ज्याने प्रश्न विचारणे सोडले त्याचा अभ्यास मागे पडावयास वेळ लागत नाही. इंग्रजीची धास्ती असतेच. महाविद्यालयातील प्राध्यापकांनी पहिल्या सत्रात अशा मुलांकडे आवर्जून लक्ष दिले, तर पुढील पुष्कळ नुकसान टळेल. रॅगिंगसारख्या प्रकारांना महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमाने बंदी आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद असून तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे हे संस्थाप्रमुखाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे.

एकटेपणाविषयी आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. झोप न लागणे, जेवणावरील वासना उडणे, खोलीबाहेर पडावेसे न वाटणे, घरच्यांचे दूरध्वनी टाळणे ही लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकली, तर त्याला आळस किंवा नखरे समजू नये. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. मात्र अशा सेवेपर्यंत पोहोचण्याचा धीर मुलाला बहुधा जवळचे कोणीतरी देते, आणि ते माणूस जवळ असणे हाच खरा प्रश्न आहे. खोलीतील दोघे-तिघे दिवसातून एक वेळ तरी एकत्र जेवले, एखादे ग्रंथालय, व्यायामशाळा, नाट्यमंडळ किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक यांच्याशी संबंध जडला, तर शहरात आपली वाट पाहणारे कोणीतरी तयार होते.

मुलींच्या बाबतीत

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपये अथवा त्याहून कमी असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्यात आले. शुल्काची अडचण अशा रीतीने दूर झाली, तरी अनेक घरांत मुलीचे शिक्षण ‘ती राहील कोठे?’ या प्रश्नापाशी थांबते. नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वसतिगृहांना साहाय्य देण्याची केंद्राची योजना १९७२-७३ पासून चालत आली असून आता ती ‘सखी निवास’ या नावाने ओळखली जाते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आहे. लहान आस्थापनांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तातडीच्या मदतीसाठी ११२ व महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

ही माहिती मुलीला घरातून निघतानाच असावी. परंतु ती देताना धाक घालण्याचा सूर नसावा. काही विपरीत घडले आणि ते घरी सांगितले, तर शिक्षणच बंद होईल, अशी भीती मुलीला वाटत असेल, तर ती काहीच सांगणार नाही. ‘काही झाले तरी आधी आम्हाला सांग, तुझे शिक्षण थांबणार नाही’ हे पालकांचे वचन तिच्या संरक्षणासाठी कोणत्याही कुलपापेक्षा अधिक उपयोगी पडते.

परतीची वाट

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्याच्या सदाशिव, नारायण व नवी पेठेत राहणाऱ्या तरुणांचा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे आहे. संधीच्या दृष्टीने ही सवलत योग्य असली, तरी जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ असल्याने ‘आणखी एक वर्ष’ म्हणत उमेदीची सात-आठ वर्षे निघून जाण्याचा धोका तीत आहे. गावी परतावे तर लोक काय म्हणतील, या संकोचाने मुलगा शहरात राहतो आणि घरून येणाऱ्या पैशाने त्याचा संकोच वाढतच जातो. किती प्रयत्न करावयाचे आणि त्यानंतर कोणती दुसरी वाट धरावयाची, हे घरच्यांनी व मुलाने आरंभीच मोकळेपणाने ठरविलेले बरे. परतून आलेल्या मुलाला ‘साहेब झाला नाहीस का?’ असे पारावर विचारणाऱ्यांनी, त्या एका प्रश्नामुळे गावातली आणखी किती मुले परतावयाची थांबली असतील, याचाही विचार करावा.

शाळेने व ग्रामपंचायतीने काय करावे?

शहरातील जागा वाढविणे, वसतिगृहे बांधणे ही शासनाची व मोठ्या संस्थांची कामे आहेत. परंतु गावाच्या आवाक्यातील पुष्कळ गोष्टी खर्चाशिवाय होऊ शकतात. 

पहिली गोष्ट म्हणजे नोंदवही. गावातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर गेलेल्या प्रत्येक तरुणाचे नाव, शहर, संस्था आणि संपर्क क्रमांक, त्याची व पालकांची संमती घेऊन, ग्रामपंचायतीने एका वहीत लिहून ठेवावा. नव्याने त्याच शहरात जाणाऱ्याला तेथे आधीच असलेल्या गावकऱ्याची ओळख या वहीमुळे करून देता येईल. अनेक गावांची मुंबईकर व पुणेकर मंडळे आजही आहेत. शिमगा, गणपती किंवा गावची जत्रा या निमित्ताने ती एकत्र येतात, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीही काढतात. नव्या मुलाला पहिला आठवडा आसरा देणे आणि पुढे महिन्यातून एकदा त्याची विचारपूस करणे, एवढे काम या मंडळांनी अंगावर घेतले, तर गावकीच्या खोलीतील उत्तम भाग तिच्या जुन्या मर्यादांवाचून परत मिळेल. मात्र ही विचारपूस एका आळीपुरती किंवा भावकीपुरती राहू नये, याकडे सरपंचाने लक्ष द्यावे.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. दहावी व बारावीच्या परीक्षा संपताच शाळेने विद्यार्थ्यांची यादी करून ग्रामपंचायत कार्यालय व सेतू केंद्राच्या साहाय्याने सर्व दाखल्यांचे अर्ज एकत्र भरवून घ्यावेत. त्याच वेळी बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, हेही तपासावे.

तिसरी गोष्ट निरोप समारंभाची. निरोपाच्या दिवशी हारतुरे व भाषणे होतात. त्यातील एक तास शहरात राहून आलेल्या माजी विद्यार्थ्याला व विद्यार्थिनीला द्यावा. भाड्याचा करार कसा वाचावा, मेस कशी ठरवावी, बसचा पास कोठे काढावा, पहिल्या महिन्यात रडू आले तर काय करावे, हे त्यांनी आपल्या बोलीत सांगितलेले मुलांच्या अधिक लक्षात राहील.

चौथी गोष्ट शिक्षकांच्या हातची आहे. गेलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात एकदा, दिवाळीपूर्वी एकदा आणि पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर एकदा, असे तीन वेळा शिक्षकाने स्वतः होऊन विचारावे. घरच्यांना जे सांगता येत नाही ते मुले पुष्कळदा गुरुजींना सांगतात. वीस मुलांसाठी वर्षाकाठी साठ वेळा दूरध्वनी करावा लागेल. एखाद्या हुशार मुलाचे शिक्षण अर्ध्यावर तुटण्याशी तुलना करता हा भार फार नाही.

गावाने वाढविलेली मुले शहरांचे कारखाने, कचेऱ्या, दवाखाने आणि प्रयोगशाळा चालवितात. शहरांनी त्यांना सामावून घेण्याची व्यवस्था वाढविली पाहिजे, यात शंका नाही. परंतु मुलगा एस. टी. त बसला म्हणजे गावाची जबाबदारी संपली, असे मानून चालणार नाही. येत्या जूनमध्ये आपल्या गावातून कोण कोठे जाणार आहे, याची यादी करण्याचे काम प्रत्येक शाळेला व ग्रामपंचायतीला आजच हाती घेता येईल.